रिगवेल्टेड

सेप्टिमस ऑल्डर्सनचा उभा जन्म यॉर्कशरच्या डोंगरांत मेंढ्या राखण्यात गेला होता. बोलीतले जुने शब्द गोळा करणारी एक तरुण प्राध्यापिका वही घेऊन त्याच्या घरी आली.

"मेंढी उताणी पडली आणि तिला उठताच येईना, तर तुम्ही काय म्हणता, आजोबा?"

सेप्टिमस म्हणाला, "रिगवेल्टेड."

तिचा चेहरा खुलला. "रिग म्हणजे पाठ, वेल्ट म्हणजे उलथणं. हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्स लोकांचा शब्द हा! तुम्ही शेवटचा कधी ऐकलात?"

"मार्चमध्ये. बायकोच्या तोंडून."

हॅनाला अर्धांगवायू झाला होता. तो तिची कूस बदलायला आला की ती हसायची, "सेप, तुझी म्हातारी मेंढी रिगवेल्टेड झाली रे!" मेंढीला उभं करून, पायांत बळ येईपर्यंत आपल्या गुडघ्यांत धरून ठेवलं की ती चरायला निघते. मार्चमध्ये एकदा त्यानं हॅनालाही तसंच उभं करून पाहिलं. ती त्याच्या अंगावर कोसळली. त्यानंतर तिनं कधी थट्टा केली नाही, आणि मे महिन्यात ती गेली.

"पोरी, परत उभं करायलाही त्या लोकांकडे शब्द होता का गं?"

"माझ्या वाचनात नाही आला, आजोबा."

"असू दे. पण शब्द कुणी सांगितला, तिथे माझं नाव नको. तिचं घाल."

आणि हॅनाचं नाव त्यानं एकेक अक्षर सांगत लिहून घ्यायला लावलं.