जीपच्या पुढे

पोलिसांच्या जिल्हा खेळांत श्रावण लांब पल्ल्याच्या शर्यतीत पहिला आला, आणि तोही असा की दुसरा गडी मैदानात शिरेपर्यंत याच्या अंगावरचा घाम वाळून गेला होता. मांडवात बसलेले फौजदार साहेब उठून त्याच्यापाशी आले. आजवर साहेबांनी त्याला नावानं हाक मारली नव्हती.

"जूनमध्ये नागपूरला निवड आहे, श्रावण. मॅरेथॉन. सव्वीस मैलांच्या वर. धावशील?"

"धावीन, साहेब."

सव्वीस मैल म्हणजे यवतमाळहून थेट दारव्हा, एवढंच त्याला उमगलं. त्या रात्री पोलीस लाइनीतल्या आपल्या दोन खोल्यांत त्यानं बायकोला, सत्यभामाला, ही गोष्ट सांगितली. ती आधी हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "मामाजीले काय सांगसान?"

ते त्याच्याही मनात आलं होतं.

मामाजी म्हणजे श्रावणचे वडील बाबाराव. दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहायचे. ऐन तरुणपणात त्यांच्याकडे गावची महारकी होती. कोणी मेलं की सोयऱ्यांच्या गावी सांगावा घेऊन धावायचं, सरकारी खजिन्याबरोबर धावायचं आणि साहेब दौऱ्यावर आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचं. घोडा दुडकी चालला की यांनी पळायचं, घोडा थांबला की यांनी लगाम धरायचा. उन्हात पायांची सालं निघायची. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आले, आणि दुसऱ्याच दिवशी हातातली गावकीची काठी पाटलाच्या ओट्यावर ठेवून दिली. घरी येऊन पोरांना जवळ बसवून म्हणाले, "आता आपल्यातला कोणी कोणाच्या पुढे धावनार नाई. चालायचं. ताठ चालायचं."

म्हणून श्रावणनं बापाला काही कळू द्यायचं नाही असं ठरवलं. नागपूरहून जिंकून आलो की मग सांगू.

एप्रिल लागला तसा विदर्भाचा उन्हाळा आपलं रूप दाखवू लागला. श्रावण तांबडं फुटायच्या आत निघायचा. अंगात बनियन, पायात कॅनव्हासचे बूट, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. दारव्हा रोडनं लोहाऱ्यापर्यंत, मग त्याच्याही पुढे. बरोबर हवालदार पूनमसिंग सायकलवरून यायचा. हा बंजारा गडी, श्रावणहून वयानं थोर, जिवाला जीव देणारा. सायकलच्या दांडीला मिठाच्या पाण्याची बाटली बांधलेली असायची. पण पहाटेलाही डांबर गार होत नव्हतं. सूर्य क्षितिजावर यायचा अवकाश, की भट्टीचं दार उघडल्यासारखी झळ तोंडावर यायची. जिभेला कोरड, डोळ्यांपुढे पिवळं. घरी आला की तो मोरीतल्या ओल्या फरशीवर पालथा पडून राहायचा, आणि मग इस्तरीचा खाकी गणवेश चढवून दिवसभर ऊन अंगावर घेत चौकात उभा राहायचा.

एप्रिलच्या अखेरीस डाव्या टाचेच्या वरची शीर दुखू लागली. आधी सकाळी उठल्यावर थोडी कळ यायची आणि चार पावलांत जायची. मग ती जाईना. हात लावला तर तिथे दोरीला गाठ पडावी तसं काहीतरी लागायचं.

"आठ-पंधरा दिवस बस घरी," पूनमसिंग म्हणाला. "बैलाचा पाय दुखला तर आपण जुंपतो का त्याले?"

"साहेबाले काय सांगू?"

"पाय दुखते म्हन."

"अन् त्यानं दुसरा कोणी निवडला म्हंजे?"

तसे दोघं तिघं टपून बसलेलेच होते.

श्रावण बसला नाही. पण त्याला बसवायला पाहुणे आले. लग्नसराई जोरात होती. राजूरला सत्यभामाच्या भावाचं लग्न निघालं. न जाऊन कसं चालेल? गर्दीच्या मोटारीत उभ्यानं जाणं, मांडवात जागरण, तेलकट भाजी-पुऱ्या, परत येताना मोटार रस्त्यात बंद. त्यात चार दिवस गेले. घरी येतो तर बहीण नलू दोन पोरांना घेऊन दारात बसलेली. उन्हाळ्यात तिचं माहेरपण भावाकडेच असायचं. ती आली की श्रावणला आनंद व्हायचा, पण यंदा तिच्या पोरांचा कालवा ऐकून त्याच्या कपाळाची शीर उडायची. दोन खोल्यांत पाच माणसं. रात्री अंगणात ओळीनं बाजा टाकलेल्या. रात्र चढली तरी वारा गरमच, पोरं रडतायत, नलू जुन्या गोष्टी काढून बसलीये. झोप म्हणून नाही. पहाटे उठावं तर डोकं जड, आणि टाच जमिनीला टेकवली की डोळ्यांत पाणी.

एकदा सत्यभामा चुलीपुढून म्हणाली, "तुमी माह्याशी बोलत बी नाई आताशा."

"बोलू काय? थकतो मी."

"मग कायले धावता?"

त्याच्याजवळ उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. लोहाऱ्याच्या पुढे, श्वास एका लयीत लागला की कधीकधी अंग हलकं व्हायचं. तेवढा वेळ तो कोणाचा शिपाई नव्हता, कोणाचा नवरा नव्हता, कोणाचा पोरगा नव्हता. ही गोष्ट चुलीपाशी कशी सांगायची? आणि आता टाच दुखायला लागल्यापासून तीही उरली नव्हती. आता नुसती कळ होती आणि ऊन होतं.

मे अर्ध्यावर आला आणि बाबाराव आले. नलू आली आहे कळल्यावर नातवंडांना बघायला आले होते. धोतर पांढरंशुभ्र, हातात कापडी पिशवी, पिशवीत पोरांसाठी गुळाचे लाडू. साहेबांनी त्याच आठवड्यात मोठी चाचणी ठेवली होती. ते स्वतः जीप घेऊन येणार होते, वेळ मोजायला.

"पहाटे कुठी जातं तू?" दुसऱ्या दिवशी बाबारावांनी विचारलं.

"ड्युटी हाय, बा."

सत्यभामानं मान खाली घातली. नलूला सगळं ठाऊक होतं. तीही पोराचं नाक पुसत राहिली.

चाचणीच्या दिवशी श्रावण धावायला लागला तेव्हा टाच बधिर झाल्यासारखी होती, आणि त्याला वाटलं, आज निभेल. मागे जीप होती. ती त्याच्या चालीनं, घरघर करत येत होती. तो मंदावला की भोंगा वाजायचा. साहेब पुढच्या सीटवर घड्याळ धरून बसलेले. पूनमसिंगची सायकल जीपच्याही मागे, धुरळ्यात. लोहारा मागे पडलं. तो ठरल्या खुणेला वळसा घालून परत फिरला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि शीर पुन्हा जागी झाली होती. प्रत्येक पावलाला कोणीतरी सुई टोचावी तशी. तोंडाचा फेस वाळून ओठांवर बसला होता.

लोहाऱ्यापाशी रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली एक माणूस उभा होता. पांढरं धोतर. श्रावणनं ते लांबूनच ओळखलं. बाबारावांच्या गावचा एक सोयरा लोहाऱ्याला राहायचा. ऊन चढायच्या आत त्याला भेटायला म्हणून म्हातारा पायी पायी आला होता.

श्रावण जवळ आला. बापलेकांची नजरानजर झाली. बाबारावांनी हात थोडा वर उचलला, हाक मारावी तसा. मागे भोंगा वाजला.

श्रावण थांबला नाही.

चाचणी संपली. साहेब खूश झाले. त्यांनी पाठीवर थाप मारली, "नागपूर गाजवणार तू." श्रावणला ते ऐकू आलं आणि नाहीही. तो लंगडत घरी आला. बाबाराव ओसरीवर बसले होते. त्यांना कोणीतरी सायकलवर सोडलं होतं. समोर सत्यभामानं ठेवलेला चहा तसाच होता, वर साय धरलेली.

"बा..."

"बस." आवाज चढलेला नव्हता. "हे ड्युटी हाय?"

"नाई. शर्यत हाय, बा. नागपुरात. खेळ हाय हा. साऱ्या राज्यातले पोलीस येतेत."

"मागं घोडा होता का तुह्या?"

श्रावण बुटाची नाडी सोडू लागला.

"घोडा नव्हता. जीप होती. मी घोड्यापुढे धावत होतो, तू जीपपुढे धावून राह्यला. मले पोटाले भाकर नव्हती म्हनून धावलो मी. तुले काय कमी हाय?"

"मी साहेबासाठी नाई धावत," श्रावणचा आवाज फाटला. "माह्यासाठी धावतो. माह्या मनानं!"

बाबारावांनी वर पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

"मग थांबला काहून नाई? आपल्या मनानं धावनारा मानूस थांबू शकते, पोरा."

नलू दारात उभी राहून रडत होती. श्रावणला बोलायचं होतं, पण चौकीवर हजेरीची वेळ झाली होती. त्यानं गणवेश चढवला, सुजलेला पाय बुटात कोंबला आणि तो गेला. सकाळभर तो एकच वाक्य मनात घोळवत होता, बापाला संध्याकाळी काय सांगायचं त्याचं. ते त्याला जुळलं नाही.

भर दुपारी जेवायला घरी आला तर बाज रिकामी. पिशवी नाही.

"गेले," सत्यभामा म्हणाली. "जेवले बी नाई. पाय धरले मी त्याईचे. म्हने, पायी जातो, सवय हाय मले."

"पायी? या उन्हात? दारव्ह्याले?"

बाहेर लू, तापलेल्या झळांचा वारा, सुटली होती. रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं. दरसाल या दिवसांत रस्त्याकडेला कोणी ना कोणी ऊन लागून पडलेलं सापडायचंच. श्रावणनं बूट काढले, कॅनव्हासचे घातले आणि निघाला. सत्यभामा मागून ओरडली, "सायकल तरी घ्या कोणाची!" पण तो गल्लीच्या तोंडाशी पोचला होता.

आधी तो भराभर चालला. मग बाप पुढे कुठे पडला असेल असं मनात आलं आणि तो धावायला लागला. डांबर बुटांना चिकटत होतं. हवा थरथरत होती, आणि त्या थरथरीत दर फर्लांगावर त्याला पांढरं धोतर दिसायचं. जवळ गेलं की मैलाचा दगड निघायचा, नाहीतर पळसाच्या झुडुपाला अडकलेला कागद. लोहारा आलं, गेलं. कडुलिंबाखाली कोणी नव्हतं. "बा!" तो ओरडला. घशातून नुसती हवा आली. त्यानं पाय आणखी लांब टाकला.

तेव्हा मागून कोणीतरी टाचेवर काठीचा फटका मारल्यासारखं झालं. कडकन आवाजही झाला. त्यानं वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं. पुढचं पाऊल टाकायला गेला तर पाऊल जागच्या जागी लोंबलं आणि तो तोंडावर पडला.

किती वेळ तो तसा पडून होता हे त्याला नंतर सांगता आलं नाही. हातांवर सरपटत एका बाभळीच्या तुटपुंज्या सावलीला गेला एवढंच आठवत होतं. तिथं पूनमसिंग, सत्यभामानं पाठवलेला, त्याला सायकलवर शोधत आला. बाटलीतलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतत तो म्हणाला, "अरे पागल, तुहा बाप लोहाऱ्यापाशी सरकीच्या ट्रकात बसून कधीच गेला. पानठेल्यावाल्यानं पाह्यलं. आतापावेतो घरी बसला असन."

श्रावण हसायला लागला. हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं, आणि पूनमसिंगनं त्याचं डोकं आपल्या छातीशी धरलं.

डॉक्टरांनी शीर तुटल्याचं सांगितलं आणि मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. चालता येईल, म्हणाले. धावण्याचं त्यांनी काढलंच नाही, आणि श्रावणनं विचारलंही नाही. साहेब एकदा भेटून गेले, दारातूनच. नागपूरला दुसरा शिपाई गेला. तो कितवा आला हे लाइनीत सगळ्यांना ठाऊक होतं. श्रावणच्या घरावरून जाताना ते आवाज बारीक करायचे.

नलू पोरांना घेऊन सासरी गेली. प्लास्टर निघालं तेव्हा पोटरी वाळल्या लाकडासारखी झाली होती. श्रावणला कचेरीत बसून कागदांवर शिक्के मारायचं काम मिळालं. घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. सत्यभामा बोलली तर हो-नाही म्हणायचा. तिला वाटायचं, एकदा रडला तरी बरं.

कापूस गुडघ्याएवढा झाला तेव्हा बाबाराव आले. पाय मोडल्याचं त्यांना कोणाकडून तरी कळलं होतं. शर्यतीच्या सरावात मोडला, असंच. ते बाजेच्या कडेला बसले. मग ते हळूच म्हणाले, "म्हनून सांगत होतो मी. साहेबाच्या पुढे धावून कोणाचं भलं झालं?"

श्रावण भिंतीकडे बघत राहिला. पण चुलीपुढची सत्यभामा उठली. सासऱ्यापुढे कधी मान वर न केलेली ती बाई, हातातली फुंकणी तशीच धरून समोर येऊन उभी राहिली.

"साहेबाच्या पुढे नाई मोडला पाय, मामाजी. तुमच्या मागं धावता धावता मोडला. तुमी उन्हात पायी गेलते म्हनून. तुमी ट्रकात बसले. हे बाभळीखाली पडले."

"सत्यभामा!" श्रावण म्हणाला.

"नाई, सांगू द्या मले."

बाबाराव जवळ सरकले. त्यांनी श्रावणचा डावा पाय हळूच आपल्या मांडीवर घेतला आणि टाचेच्या वर, जिथे खड्डा पडला होता, तिथे अंगठा ठेवला. श्रावण वाट बघत होता, बाप आता काही म्हणेल. रागानं, मायेनं, कसंही. बाबारावांनी पाय हळूच पुन्हा बाजेवर ठेवला. रात्री दोघं एकाच ताटात जेवले, आणि दोघांनीही अर्धी भाकर टाकली.

सकाळी बाबाराव दारव्ह्याच्या छोट्या आगगाडीनं निघणार होते. ते नको नको म्हणत असतानाही श्रावण स्टेशनपर्यंत पोचवायला निघाला. रस्ता थोडासाच, पण त्याचा पाय ओढला जात होता आणि प्रत्येक पावलाला खांदा खाली जायचा. बाबाराव ताठ माणूस, झपाझप चालणारा. चार पावलं पुढे गेले, थांबले. पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. मग त्यांनी आपली चाल श्रावणच्या चालीला लावली. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, दुसरं टाकायचं. समोरून येणारी माणसं वाट देत होती.

"बा, तुमी व्हा पुढे. गाडी सुटन."

"सुटू दे," बाबाराव म्हणाले, आणि त्यांनी पाऊल आणखीच आखडून घेतलं.

श्रावणनं मान फिरवली. बाप आपल्यासाठी हळू चालतो आहे, हे त्याला सोसवत नव्हतं.