आईला म्हणे थंडी वाजत नाही!

मी शेगडी बोलतेय. लिहून घेतोय या घरातला धाकटा. त्याची शाळा लवकर सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. तो लाजाळू आहे, चारचौघांत तोंड उघडायचं त्याच्या जिवावर येतं. म्हणून मी बोलते. राग माझा आहे, आणि त्यात काही चूक नाही.

मोडीत निघालेल्या लोखंडातून माझा जन्म झाला. चार पाय, पुढे एक झाकणाचं दार, मागे भिंतीतून बाहेर गेलेली धुराची नळी. बाबांनी मला लग्नाच्या वर्षी आणलं आणि पुढच्या खोलीत बसवलं. तेव्हापासून हिवाळा आला की हे घर माझ्याभोवती गोळा होतं.

बसायच्या जागा ठरलेल्या. माझ्यासमोर बाबांची खुर्ची. उजवीकडे दादा, डावीकडे ताई, मागे नळीजवळ धाकटा. आणि आई? आई बाहेरच्या दाराशी, स्टुलावर. का, तर तिला सारखं उठावं लागतं!

जिन्याखालून कोळसा आणते आई. राख काढते आई. फुंकून फुंकून मला पेटवते आई. मी लाल झाले की हात पुढे करतात बाकीचे.

एका हिवाळ्यात धाकट्याला ताप भरला. पांघरुणं कमी पडली. आईने अंगावरची शाल त्याच्यावर घातली आणि म्हणाली, "मला कुठे थंडी वाजते!" झालं! सगळ्यांनी ते खरंच मानलं. पुढे पाहुण्यांनाही ऐकवायला लागले. "आमच्या हिच्या अंगातच भट्टी आहे," असं बाबा म्हणायचे, सगळे हसायचे, आईसुद्धा हसायची.

मी मात्र बघत होते. घरातले कामावर गेले की कोळसा वाचवायला ती मला विझू द्यायची आणि माझ्या कोमट राखेवर हात धरून बसायची. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला विचारा.

यंदा बर्फ खिडकीपर्यंत चढला. नळ गोठले. आई खोकायला लागली. अशात एका संध्याकाळी ताईने पगारातून सगळ्यांना लोकरीचे मोजे आणले.

"आई, तुला नाही आणले हं. तुला कुठे लागतात!"

"बरं केलंस. टोचतात मेले," आई म्हणाली.

"अगं, दार नीट ओढ, वारा येतोय," बाबा म्हणाले.

"ओढते."

मग ती कोळसा आणायला गेली आणि बादलीसकट जिन्यातच खाली बसली. धाकटा धावला. त्याने तिला धरून वर आणलं. तिची बोटं सुजून जांभळी पडली होती, भेगांत कोळशाची काजळी भरली होती.

"बाबा, हिचे हात बघा, किती गार आहेत!"

"गारच असतात रे तिचे," बाबा वर न बघता म्हणाले. "पहिल्यापासून."

पहिल्यापासून! म्हणजे माहीत होतं! हात गार आहेत हे माहीत होतं, आणि तरी म्हणे अंगात भट्टी! मला जागचं हलता आलं असतं तर त्या खुर्चीचे पाय मी तेव्हाच जाळले असते.

धाकटा नुसता लाल झाला, माझ्यासारखा.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात थंडी न वाजणारं कुणी असेल, तर त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. एकदा हात हातात घेऊन बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा सगळ्यांच्या आधी उठला. कोळसा आणला, राख काढली. घरभर धूर केला, डोळे चोळले, पण मला पेटवलंच. मग बाबांची खुर्ची उचलून दाराशी ठेवली, तिच्या जागी आईचं स्टूल मांडलं, आईला त्यावर बसवलं आणि आपले मोजे तिच्या पायांत चढवले.

बाबा आले. "माझी खुर्ची कुठाय?"

"दाराशी."

बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या. पण बसले. थोड्या वेळाने अंग आखडून म्हणाले, "अगं, दार ओढ, वारा येतोय."

आई सवयीने उठायला लागली. धाकट्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुम्हीच ओढा, बाबा," तो म्हणाला. "तुम्हाला जवळ आहे."