तुरटीतला झगा

युलालीनं दुपारीच लेकीचा मलमलीचा झगा तुरटीच्या पाण्यात बुडवून वाळवला होता. तुरटी लागलेलं कापड पटकन पेट घेत नाही, हे पॅरिसच्या त्या नाटकघरात झाडूवाल्यालाही ठाऊक. पण झगा पिवळट पडतो, पापडासारखा कडक होतो, म्हणून नाचणाऱ्या पोरी नाकं मुरडायच्या. गेल्या हिवाळ्यात रंगमंचाच्या काठावरच्या गॅसच्या दिव्यावर त्यांच्यातल्याच ओडीलच्या साध्या झग्यानं पेट घेतला. चार दिवस तळमळून पोर गेली बिचारी.

"आई, आज पहिल्यांदाच पुढच्या रांगेत उभी राहणार मी," झेली कुरकुरली. "नाटकघराच्या साहेबांना आवडलं तर जागा कायमची. आणि हे गोणपाट घालून नाचू?"

"गोणपाट तर गोणपाट! ओडील विसरलीस?"

झेलीनं मुकाट मान हलवली. ही कार्टी इतक्या चटकन ऐकते म्हटल्यावर तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती.

पडदा वर गेला. युलाली विंगेत उभी होती. शेजारी बंबवाला बार्नाबे, कुणी पेटलं तर अंगावर टाकायला ओलं घोंगडं घेऊन, आणि खोक्यावर बसून एक चित्रकार भराभर रेघोट्या मारत होता. झेलीनं पहिली गिरकी घेतली आणि झगा फुलला, हलका, पांढराशुभ्र.

तुरटीचा झगा असा उडत नाही! युलालीनं मागे पाहिलं. तो पिवळट झगा खिळ्याला लटकत होता.

"बार्नाबे, अहो, तिनं साधा घातलाय!"

"ओरडू नका, बाई. पोर दचकली तर थेट दिव्यांवर जाईल."

युलालीनं शालीचं टोक दातांत घट्ट धरलं. झेली काठाकडे सरकली. अजून सरकली.

"वा! आणखी थोडी पुढे यायला हवी," चित्रकार पुटपुटला.

"जिभेला काही हाड आहे का तुमच्या?" युलाली फिस्कारली. गिरकीसरशी झग्याची कड ज्योतीवरून गेली, आणि बार्नाबेनं घोंगडं उचललं. देवा, माझी पोर! पण झेली मागे फिरली होती. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पडदा पडल्यावर साहेबांशी बोलून ती धावतच आली. "आई, जागा मिळाली! उद्यापासून रोज मीच पुढे!"

युलालीनं थोबाडीत द्यायला हात उगारला, पण तो लेकीच्या गळ्यातच पडला. मग तिनं खाली वाकून झग्याची कड चाचपली. बोटभर कापड करपून तपकिरी झालं होतं.

"उद्या तुरटीतला घालायचा. शपथ घे."

"अगं, साहेब म्हणाले, झगा किती सुरेख उडतो! त्यावरच तर खूश झाले ते."

युलालीनं बार्नाबेच्या हातातलं ओलं, जड घोंगडं ओढून घेतलं.

"हे कसं टाकायचं, ते मला आत्ता शिकवा," ती म्हणाली.