ब्रुईन्सची गाडी पाच पौंड कमी भरली

त्या वर्षी आयोवातल्या प्रत्येक मोटारशर्यतीच्या मैदानावर एकच प्रश्न होता: तू कुणाकडचा? कॉन्टिनेंटल ही जुनी राष्ट्रीय मालिका. तिच्यातून फुटून निघालेल्या लोकांनी फ्रंटियर नावाची नवी मालिका काढली आणि हिवाळाभर चालकांना फोन करकरून आपल्याकडे ओढायला सुरुवात केली. एकीकडे सही केली की दुसरीकडचे दरवाजे बंद. वर्षानुवर्षं एकमेकांच्या शेगडीवर मांस भाजून खाणारी माणसं आता गाड्या उभ्या करतानासुद्धा शेजार टाळायला लागली.

ऑरिन लिंडग्रेन कॉन्टिनेंटलचा मुख्य तपासनीस होता. शर्यत संपली की पहिल्या काही गाड्या त्याच्या वजनकाट्यावर, चार चाकांखालच्या चार पाट्यांवर, यायच्या. चालकासकट गाडी ठरलेल्या वजनाच्या वर भरली तर निकाल कायम, कमी भरली तर बाद. ऑरिन कडक होता, पण कुणी त्याला वाकडा म्हटलेलं नव्हतं. याचा त्याला मनातून अभिमान होता.

शनिवारची शर्यत पावसामुळे रविवारी दुपारवर गेली. सकाळी मालिकेचा प्रमुख बड केसलर कॉफीचा पेला घेऊन काट्यापाशी आला.

"केसी ब्रुईन्स प्रायरशी बोलतोय म्हणे," तो म्हणाला. व्हॉन प्रायर म्हणजे फ्रंटियरचा प्रमुख. "आपल्या जिवावर नाव करायचं आणि मग तिकडे पळायचं."

"बोलणं म्हणजे सही नव्हे, बड."

"नसेल. पण त्याच्या गाडीला आज कसलीच सवलत नको. नियम म्हणजे नियम. कळलं ना?"

ऑरिननं मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही, असं त्याला तेव्हा वाटलं.

केसी पंचविशीचा, शेतकऱ्याचा पोर. त्याची गाडी त्याचा बाप मार्व्ह स्वतः बांधायचा, घरामागच्या शेडमध्ये. पोरानं गावोगावच्या शर्यती खूप जिंकल्या होत्या, राष्ट्रीय मालिकेतली एकही नाही. त्या दुपारी शेवटच्या फेऱ्यांमध्ये त्यानं वरच्या कडेनं, अगदी भिंतीला घासून गाडी काढली आणि पहिला आला. लोक बाकांवर उभे राहिले. मार्व्हनं टोपी काढून तोंडावर धरली, रडताना कुणाला दिसू नये म्हणून.

गाडी काट्यावर आली. आकडा पाच पौंड कमी.

"पुन्हा तोला," केसी हेल्मेट काढत म्हणाला. "सगळीकडे चिखल आहे. गाडी खाली घेऊ, पाट्या पुसू, परत चढवू."

हे सगळ्यांसाठी करायचे. नियमपुस्तकात नव्हतं, पण रीत होती. ऑरिननं स्वतः कितीतरी जणांना अशी दुसरी संधी दिली होती. त्यानं मान वर केली. बड कुंपणाला टेकून त्याच्याकडेच बघत होता.

"एकदा तोललं," ऑरिन म्हणाला. "आकडा तोच."

"अहो, पण तुम्ही नेहमी—"

"केसी, गाडी काढ. पुढची येऊ दे."

केसी काहीतरी बोलणार होता, पण मार्व्हनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला होता. "राहू दे, पोरा. चूक माझी आहे. सकाळी वजनासाठी लावलेला शिशाचा तुकडा मीच काढला. गाडी हलकी हवी म्हणून. वाटलं, भरेल." मग तो ऑरिनकडे वळला. "तुझा दोष नाही, ऑरिन. तू तुझं काम केलंस."

मागून आलेल्या गाड्या जड होत्या, त्या बिनबोभाट पास झाल्या. निकाल जाहीर झाला तेव्हा लोकांनी हुर्यो केली आणि कागदी पेले मैदानात फेकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑरिन काटा उचलायला गेला. डाव्या मागच्या पाटीखाली वाळलेल्या चिखलात एक खडा रुतलेला होता, सुपारीएवढा. त्यानं काट्याला हात न लावता त्यावर आधी प्रमाणित वजनं ठेवून पाहिली. पाटीवरचा काही भार खडाच पेलत होता. काटा खऱ्या वजनापेक्षा कमी दाखवत होता, आणि तोही पाच पौंडांहून बऱ्याच मोठ्या फरकानं. केसीची गाडी भरली होती.

त्यानं तिथूनच बडला फोन लावला.

"बरं मग?" बड म्हणाला.

"मग काय? पोरगा जिंकलाय. निकाल बदलायला हवा."

"आणि प्रायरला काय आयतं कोलीत देऊ? कॉन्टिनेंटलचा काटा खोटा म्हणून देशभर बोंबलेल तो. आपल्याकडे साठ माणसं कामाला आहेत, ऑरिन. खडा फेकून दे आणि घरी जा."

"बड…"

"फेकून दे म्हटलं ना."

ऑरिन "बरं" म्हणाला. खडा त्यानं फेकलाही.

पुढच्याच आठवड्यात केसीनं रागाच्या भरात फ्रंटियरशी सही केली. बापाला सोडून तो दुसऱ्याच्या मालकीची गाडी चालवायला लागला. मार्व्हनं शेडला कुलूप लावल्याचं ऑरिनला कळलं ते आपल्या बायकोकडून, लोइसकडून. तिला ते चर्चमध्ये कळलं होतं.

"म्हणतो, माझ्या हाताचा आता भरवसा नाही," लोइस ताटं मांडता मांडता म्हणाली. "पोराची पहिली मोठी जीत मी घालवली म्हणतो. बाप-लेक एकमेकांशी धड बोलतसुद्धा नाहीत. बिचारा."

 ऑरिन भूक नाही म्हणून बाहेर निघून गेला. नंतरचे काही आठवडे तो प्रत्येक काट्याखाली गुडघ्यांवर बसून बॅटरीनं बघत राहिला. बाकीचे तपासनीस हसायला लागले. त्याला माहीत होतं की आपण चुकीच्या ठिकाणी शोधतोय, तरी तो बघतच राहायचा.

मग प्रायरचा फोन आला. त्याला त्या काट्याची कुठूनतरी कुणकुण लागली होती.

"आमच्याकडे या," प्रायर गोड आवाजात म्हणाला. "मुख्य तपासनीस. शनिवारी भरल्या मैदानात माइकवर फक्त खरं काय झालं ते सांगायचं. मन मोकळं होईल तुमचं."

ऑरिनला मोह झाला. खरंच मोकळं होईल असं वाटलं. पण फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्या गर्दीत मार्व्ह नसेल. सगळ्या देशाला कळेल, आणि ज्याला कळायला हवं त्याला ते दुसऱ्याच्या तोंडून कळेल. त्यानं गाडी काढली आणि ब्रुईन्सच्या शेतावर गेला.

मार्व्ह ओसरीत मक्याची कणसं सोलत बसला होता. "ये," तो म्हणाला. "नेतोस का थोडी? या वर्षी गोड आहेत."

ऑरिन उभाच राहिला. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं: बडचं बोलणं, खडा, वजनं, फोन. मार्व्हचे हात थांबले नाहीत. एक कणीस सोलून झालं, दुसरं झालं.

"म्हणजे गाडी भरली होती," अखेर तो म्हणाला.

"भरली होती. तुझा हिशेब बरोबर होता."

"मी तुझ्यासमोर उभा राहून म्हणालो, तुझा दोष नाही."

"तेव्हा मला खड्याचं माहीत नव्हतं, मार्व्ह."

"दुसऱ्या दिवशी झालं ना माहीत?" आता त्यानं वर पाहिलं. "शर्यत झाली तेव्हा मका गुडघ्याएवढा होता, लेका. आज काढणीला आलाय. इतके दिवस मी माझ्या हातांकडे बघत बसलो होतो. पोरगा फोनवर म्हणायचा, 'बाबा, जाऊ दे,' आणि मला वाटायचं, दया करतोय माझ्यावर. मी फोन उचलणं बंद केलं."

ऑरिननं पायाशी घरंगळलेली दोन कणसं उचलली.

"केसीला तूच सांग," मार्व्ह म्हणाला. "मी तुझं ओझं पोचवणार नाही. आणि कणसं ठेव तिथेच."

केसीला त्यानं ओहायोत एका पेट्रोल पंपावर गाठलं. केसी शिव्या देईल अशी त्याची तयारी होती. केसीनं फक्त विचारलं, "बाबांना सांगितलंत?" हो म्हटल्यावर तो ट्रेलरला टेकला. "मी सही रागात केली," तो म्हणाला. "आता हंगाम संपेपर्यंत सुटका नाही. आणि एक सांगतो, प्रायरच्या माइकवर जाऊ नका. माझ्या बाबांच्या दुःखाची तिकिटं विकायची नाहीत कुणी."

म्हणून ऑरिन जिथे चूक केली तिथेच बोलला. कॉन्टिनेंटलच्या पुढच्या शर्यतीआधी चालकांची बैठक होती. तिथे सगळ्यांसमोर उभं राहून त्यानं सांगितलं. बडचं नाव घेतलं, पण "नाही म्हणणं माझ्या हातात होतं" हेही सांगितलं. कुणी टाळी वाजवली नाही. बडनं त्याला गेटपर्यंत पोचवलं आणि गळ्यातला पास काढून घेतला. निकाल बदलला नाही. महिन्याभरात फ्रंटियरच्या फलकांवर मात्र मोठ्या अक्षरांत झळकलं: "इथे काटा खरा आहे." ते ऑरिननं रस्त्यात वाचलं. त्याच्या कबुलीचीही तिकिटं विकली जात होती.

शेडचं कुलूप निघाल्याचं त्याला गावातून कळलं. बाप-लेक पुढच्या हंगामासाठी नवी गाडी बांधायला लागले होते.

पहिलं हिव पडल्यावर टायरच्या दुकानात ऑरिनची आणि मार्व्हची समोरासमोर गाठ पडली. ऑरिन वळून निघणार होता.

"थांब," मार्व्ह म्हणाला. "तुझी लोइस विचारत होती, मी तुला माफ केलंय का म्हणून."

"ती उगाच… मी नव्हतं सांगितलं तिला विचारायला."

"मी म्हटलं, अजून नाही. विचार करतोय." त्यानं एक टायर उचलून कडेनं पाहिला, परत ठेवला. "काही दिवस वाटतं करावं. मग शेडमध्ये जातो आणि वाटतं, नको."

"हरकत नाही," ऑरिन म्हणाला.

"हरकत आहे की नाही हे तू नाही ठरवायचं," मार्व्ह म्हणाला, आणि पैसे द्यायला काउंटरकडे गेला.