गार पडलेली कपार

कपारीत हात घातला. दगड आजही गारच होते.

या कपारीतल्या वाफेवर आम्हा गाईड लोकांची सगळी ऐट. पहाटेच्या आत पाहुण्यांना डोंगराच्या माथ्यावर आणायचं, केळीच्या पानात गुंडाळलेली अंडी कपारीत सरकवायची, वर गवत दाबायचं. सूर्य वर येईस्तोवर अंडी तयार. पाहुणे फोटो काढतात सूर्याचे, पण घरी जाऊन सांगतात ते अंड्यांचंच. जी बाई कच्ची अंडी परत खाली आणते, तिची तळ्याकाठच्या आमच्या गावात महिनाभर टर उडवतात. "काय गं, डोंगरानं चूल दिली नाही का?" अकरा वर्षांत हे कोणी मला विचारलं नव्हतं.

विचारायला हवं होतं. कपार चार दिवसांपूर्वीच गार पडली होती आणि ते मला ठाऊक होतं. मी कोणाला बोलले नाही. बोलले असते तर आत वाफ कोंडली असेल म्हणून पायथ्याच्या चौकीवाल्यांनी त्याच दिवशी वाट बंद केली असती, आणि माझी लेक सरियानी हिचा एकटीनं पाहुणे नेण्याचा पहिला दिवस चारच दिवसांवर आला होता. दोन वर्षं ती माझ्यामागून चढत होती. म्हणून मी काय केलं, तर अंडी घेऊन खाली विवरात उतरले. तिथे एक मोठी कपार आहे, ती कधी गार पडत नाही. उतरायला बंदी आहे. सरियानी माझ्यामागे बॅटरी धरून होती.

"मेमे, इथे यायचं नसतं ना?" तिनं विचारलं होतं. मेमे म्हणजे आमच्या बोलीत आई.

"ज्याला भीती वाटते त्यानं घरी बसून टोपल्या विणाव्यात," मी म्हणाले होते. माझी जीभ अशीच आहे.

आज तिचा दिवस. मी घरी थांबेन असं तिला कबूल केलं होतं, पण राहवलं नाही. फुलांची परडी घेतली, देवीला वाहायला निघाले असं नवऱ्याला सांगितलं आणि अर्ध्या तासाच्या अंतरानं तिच्यामागे चढले. आता कपारीपाशी पाहते तर केळीच्या पानाचा एक तुकडा पडलेला, आणि लेकीचा पत्ता नाही.

विवराच्या काठावर लांद्रा आपल्या पाहुण्यांना बिस्किटं वाटत होता. आमच्यात तो सगळ्यांत जुना, म्हणून सगळे त्याला ब्ली, म्हणजे दादा, म्हणतो.

"ब्ली, माझी पोरगी कुठाय?"

"गेली की खाली. विवरात. म्हणाली, मेमे तिकडेच शिजवते." तो हसला. "मोठी धीट हो तुझी लेक! आईवर गेलीय."

आडात असेल तेच पोहऱ्यात येणार. मी परडी तिथेच टाकली.

तेवढ्यात लक्षात आलं, माकडं नाहीत. रोज पहाटे केळी हिसकायला टपलेली असतात. आज एकही नाही. पायाखालची जमीन बारीक थरथरत होती. मला वाटलं माझेच पाय कापतायत. म्हणून खाली बसून तळहात टेकवला. थरथर जमिनीचीच होती.

डोंगरावर ओरडायचं नाही, नाव घेऊन हाक मारायची नाही, हे आम्ही चालायच्या आधी शिकतो. मी बोळा कोंबावा तसा तोंडावर हात दाबला आणि उतरले. दगड निसटत होते. गंधकाच्या वासानं घसा जळत होता. कधी एकदा पोरीची पाठ दिसते असं झालं होतं, आणि ती दिसण्याआधी काही झालं तर, हा एकच विचार डोक्यात घण घालत होता.

तळाशी सरियानी उकिडवी बसली होती. सुराबाया शहरातलं एक वयस्क जोडपं, बू एर्ना म्हणजे एर्नाबाई आणि त्यांचे यजमान, शेजारी दगडावर बसलेलं. मोठी कपार आज नुसती वाफ सोडत नव्हती, किटलीसारखी शिटी मारत होती.

"मेमे! तू घरी राहणार होतीस!"

"वर चल. आत्ता."

"पाचच मिनिटं. अंडी व्हायचीत."

"राहू देत अंडी."

"कच्ची? माझ्या पहिल्या दिवशी?" पाहुण्यांना कळू नये म्हणून ती आमच्या बोलीत हळूच म्हणाली, "का गं, घाबरलीस? मग टोपल्या विण जा."

"हो, घाबरलेय. पाचावर धारण बसलीय माझी. हा हात बघ."

तिनं हात पाहिला. माझा हात असा कापताना तिनं जन्मात पाहिला नव्हता. ती उठली.

मग मी पाहुण्यांकडे वळून गाईडचं हसू हसले. "चला बू एर्ना, वर फार छान जागा धरलीय."

"अगं पण आत्ताच तर उतरलो. माझा गुडघा!"

"माझ्या खांद्यावर भार टाका."

"आणि अंडी?" त्यांच्या यजमानांनी विचारलं.

"ती येतील मागून."

यजमान पुढे, मग मी आणि बू एर्ना. मला सरियानी पुढे हवी होती. "पाहुणे माझे आहेत, मी शेवटी," ती म्हणाली. पाहुण्यांच्या मागे राहायचं, हेही मीच शिकवलेलं. त्या क्षणी मला माझ्या सगळ्या शिकवणीचा राग आला.

काठ चार पावलांवर असताना शिटी थांबली.

"बरं झालं, थांबलं एकदाचं," यजमान म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मी त्या सत्तरीच्या माणसाच्या पाठीत असा धक्का दिला की ते चार पायांवर रांगत काठापर्यंत गेले. बू एर्नांना मी ओढलं की उचललं, आठवत नाही. त्या काठावर पडल्या. मी वळून हात खाली घातला, सरियानीचं मनगट धरलं, आणि डोंगर फुटला.

आवाज फार मोठा नव्हता. जमिनीतून कोणी दार लोटावं तेवढाच. मग राखेनं काही दिसेना. दगड धपाधप पडत होते. माझ्या हातात मनगट होतं आणि ते जिवंत आहे की नाही ते कळत नव्हतं. तेव्हा मी ओरडले. तिचं नाव घेऊन, घसा फाटेपर्यंत ओरडले. मनगटानं माझी बोटं आवळली.

पाठीला ऊन लागलं तेव्हा सूर्य उगवल्याचं समजलं.

खाली चौकीवर तिच्या दंडाला पट्टी बांधली. बाकी कोणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. चौकीवरचा माणूस वही उघडून बसला. आम्ही तिघं गाईड समोर उभे.

"वरची कपार गार कधी पडली?"

"आजच," सरियानी ताडकन म्हणाली. "मीच पहिली पाहिली. नियम मोडून खाली मीच गेले. चूक माझी आहे."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मी गप्प बसले असते तर माझा गाईडचा बिल्ला राहिला असता.

"चार दिवस झाले," मी म्हणाले. "मला माहीत होतं. हिला खालची वाट मीच दाखवली."

लांद्रानं मान खाली घातली. बिस्किटं त्यानं उगाच आणली नव्हती; कपार गार आहे हे त्यालाही ठाऊक होतं. मी बिल्ला काढून टेबलावर ठेवला.

घरी येताना तळ्याच्या वळणावर ती थांबली.

"मेमे, आज खाली मला फार भीती वाटत होती गं."

"मग आधीच वर का नाही आलीस?"

"मला वाटलं, तुला भीती वाटतच नाही," ती म्हणाली. "त्या दिवशी बॅटरी धरली होती, तेव्हाही वाटली होती. पण तू ते टोपल्यांचं बोललीस."