लिंबाचे पाणी उरलेला पेला

मित्रांनो, जरा कल्पना करा की तुम्ही आरपार दिसता. लोक तुमच्यातून पलीकडचे सगळे पाहतात, पण तुम्हाला कोणी पाहत नाही. आले डोळ्यांपुढे? मग सावकाश बसा. मला आता घाई सोसत नाही.

मी एक जुना काचेचा पेला आहे. भट्टीतली वितळलेली काच साच्यात दाबली आणि मी झालो. दक्षिणेत, तमिळ मुलखातल्या तांबरमच्या या घरात मी भावांबरोबर आहेरात आलो. ते एकेक करून फुटले. मी उरलो, तोही काठाचा टवका उडालेला. इथे पाणी पितात स्टीलच्या टंबलरमधून, ओठ न लावता. बोअरच्या खाऱ्या पाण्याने माझ्या अंगावर पांढरट थर चढला आणि मी फडताळात मागे सरकत गेलो.

तिथून मला अनंतरावांनी बाहेर काढले. हे तंजावरचे मराठी कुटुंब. अनंतराव शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, आणि जननी त्यांची नात.

"टंबलरमध्ये काय चाललंय ते दिसत नाही, कण्णा," ते तिला लाडाने म्हणाले. "याच्यात दिसतं."

तेव्हापासून मला विश्रांती नाही. माझ्यात अंडे बुडाले, मीठ घातल्यावर तेच तरंगले. पाणी भरून, तोंडावर पुठ्ठा ठेवून मला उलटे केले. पेटत्या मेणबत्तीवर पालथे घातले, ती विझली, मी काजळलो. जननी टाळ्या वाजवायची. कौतुक मिठाचे व्हायचे, हवेचे व्हायचे. घासायची वेळ आली की मात्र सगळ्यांना माझी आठवण.

अनंतरावांच्या पत्नी कनकाआजींना हे रुचत नसे. "तुमची शाळा माझ्या स्वयंपाकघरात नको. पुन्हा इथे लुडबुड दिसली तर हा पेला भंगारात."

"ऐकलंस का," अनंतराव नातीला म्हणत, "मुख्याध्यापिका बोलल्या."

काल दोघांनी कागदाला ओली हळद फासली. साबणाच्या पाण्याचा थेंब पडला तिथे ती लाल झाली. लिंबाच्या पाण्याने पुन्हा पिवळी. "आंबट आलं की लाल पळतं," जननी स्वतःशी घोकत होती. लिंबाचे पाणी अर्धे उरले. मला तसाच ओट्यावर ठेवून ती खेळायला गेली.

आज सकाळी जननीचा वेंकटकाका आपल्या नव्या नवरीला घेऊन आला. ऋजुता सांगलीची, नोकरी इथे जवळच, शोळिंगनल्लूरला. आजींना तंजावरची सून हवी होती. "मराठी म्हणे. पण बोलते ती आपली मराठी नव्हे," असे त्या अधूनमधून म्हणत. तरी दारात पिठाच्या रांगोळीचा कोलम त्यांनीच काढला होता. हळद आणि चुना पाण्यात कालवून लाल आरती करायची, ती नवरीवरून ओवाळायची आणि मग तिला घरात घ्यायची, ही इथली रीत.

मदतीला आलेल्या शेजारच्या कामाक्षीमामींनी गडबडीत माझ्यातलेच पाणी ताटात ओतले. माझ्या धुरकट अंगातून पाणी कसले, ते कोणाला कळणार? आजींनी हळद घातली, चिमूटभर चुना घातला, ढवळले. पाणी पिवळेच. पुन्हा ढवळले. पिवळेच.

"लाल येईना," मामी हळूच म्हणाल्या. "असं कधी पाहिलं नाही."

आजींचा हात थांबला. "मी आधीच म्हणत होते. घराला ही सून मान्य नाही."

उंबऱ्याबाहेर ऋजुताने ते ऐकले. ती पदराचे टोक बोटाला गुंडाळू लागली. "आई, उन्हात आमचं वाळवण घातलंयस का?" वेंकट म्हणाला.

जननीची नजर ओट्यावर गेली. मी रिकामा होतो. अनंतरावांनीही मला पाहिले, पण ते गप्प राहिले. उत्तर मुलाला येत असेल तर आपण सांगायचे नाही, ही त्यांची जुनी सवय. जननी गप्प राहिली असती, तर मी भंगारातून वाचलो असतो. नवरीच्या माथी मात्र अपशकुन कायमचा बसला असता.

"आजी, अपशकुन नाही. लिंबू आहे," ती म्हणाली. "ते पाणी माझ्या प्रयोगाचं होतं. अजून चुना घाल."

आजींनी तिच्याकडे रोखून पाहिले. मग चुना घातला. ताटाच्या कडेला एक लाल रेघ उमटली, पसरली, आणि सगळे पाणी कुंकवासारखे झाले. आजी ताट घेऊन दाराशी गेल्या.

"फार वेळ उभी केली तुला," त्या ऋजुताला म्हणाल्या. "ओवाळते. मग उजवा पाय आधी टाक."

मित्रांनो, प्रयोग जरूर करा. मोठ्यांना विचारून करा, आणि चुन्याला स्वतः हात लावू नका. पण प्रयोग संपला की भांडे रिकामे करा, धुवा, जागेवर ठेवा. अर्धे भरून विसरलेले भांडे फार थकते.

सगळे आत गेल्यावर जननीने मला उचलले. चिंचेच्या कोळाने घासून माझ्या अंगावरचा पांढरा थर काढला, धुतले, पुसले. मग कोणी मागितले नसताना ती मला घेऊन आजींकडे गेली.

"हा घे, आजी. भंगारात टाकीन, असं तू म्हणाली होतीस ना," असे म्हणून तिने मला त्यांच्या हातात ठेवले आणि आपला हात काढून घेतला.