तीन ठोके, घरघर आणि शिट्टी

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याला घरात कोणी मोठा कलावंत समजत नाही. ह्याला समजायचे, आणि ते त्याच्या कानामुळे. गिऱ्हाइकाचा फोन आला की हा सांगायचा, "फोन मशीनच्या पाठीला लावा आणि दोन मिनिटं कोणी बोलू नका." मग डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "बेअरिंग गेलंय. आणि आत एक चमचा फिरतोय." जाऊन उघडलं की बेअरिंग गेलेलं असायचं आणि चमचाही निघायचा. एकदा त्याने फोनवरूनच सांगितलं होतं की तुमचं मशीन ठणठणीत आहे, हा आवाज शेजाऱ्यांच्या मशीनचा आहे. शेजारी येऊन पाया पडायचे तेवढे बाकी राहिले.

त्याची लेक टिकली आठ वर्षांची. संध्याकाळी तो बेसिनपाशी हातांचं ग्रीस काढत उभा राहिला की ती मागून तोंडाने आवाज काढायची.

"फुस्स-टक्, फुस्स-टक्."

"पाण्याचा व्हॉल्व्ह."

"गर्रर्र-खिक्."

"पंपात बटण अडकलंय. शर्टाचं. चार भोकांचं."

ह्या खेळाचा कळस म्हणजे आजीबाईंचं मशीन. एका आजीबाईंकडे अकरा वर्षं जुनं मशीन होतं आणि त्या नवीन घ्यायला तयार नव्हत्या. ते पिळायला लागलं की आधी तीन ठोके, मग लांबलचक घरघर, आणि शेवटी श्वास आत ओढल्यासारखी एक बारीक शिट्टी. हा आवाज तोंडाने हुबेहूब काढणारी जगात दोनच माणसं होती, बाप आणि लेक.

"बाकीच्यांनी प्रयत्न केला नाही म्हणून," बायको म्हणायची. पण म्हणताना हसायची.

तर अशा ह्या सुखी घराला साडू लागला.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. चष्म्याचं दुकान होतं त्याचं. माणूस वाईट नव्हता, हीच मुख्य तक्रार होती. ह्याला तो "दादा" म्हणायचा, तेही मनापासून, त्यामुळे भांडायची सोयच नव्हती. गेल्या वर्षी त्याला प्राण्यांचे आवाज ओळखायचा नाद लागला. आधी सकाळी फिरायला जायचा, मग रात्री, मग एक वही आली, आणि आता घरी कोणी शिंकलं तरी तो नर की मादी सांगू लागला होता.

ह्याचं म्हणणं साधं होतं. चष्मेवाल्याने डोळ्यांत राहावं. कानात कशाला घुसायचं? आपण कधी गेलो होतो का कोणाला चष्म्याचा नंबर काढून द्यायला?

तंबूत राहायला जायची कल्पना अर्थातच साडूची. तळ्याकाठी दोन तंबू, मधे शेकोटी, पलीकडे झाडी. पहिल्या रात्री जेवणं झाली न झाली तोच झाडीतून कोणीतरी खोकल्यासारखं भुंकलं.

"हे काय?" टिकलीने विचारलं.

ह्याने घसा खाकरला. पण टिकलीचं तोंड दुसरीकडे होतं. तिने काकाला विचारलं होतं.

साडूने चष्मा काढून शर्टाला पुसला. चष्मा काढला की त्याला जास्त ऐकू येतं, असं मेव्हणी कौतुकाने सांगायची. "हरीण," तो म्हणाला. "नर आहे. आपला वास लागलाय त्याला."

"कशावरून नर?" ह्याने विचारलं.

"आवाजावरून, दादा."

"नाही, आपलं विचारलं."

मग एकसारखी टर्रर्र सुरू झाली. "रातवा. पक्षी आहे, जमिनीवर बसतो," साडू म्हणाला. मग किंकाळी. "कोल्हीण." टिकली दर आवाजाला काकाच्या अंगावर थोडी सरकत होती. रातव्याला ती शेजारी होती, कोल्हिणीला दंडाला टेकली होती. हा मनातल्या मनात अंतर मोजत होता. अजून दोन प्राणी ओरडले असते तर पोरगी दत्तकच गेली असती.

तेवढ्यात तळ्याच्या बाजूने गुडूक-गुडूक-गुडूक झालं, आणि हा घाईघाईने ओरडला, "ड्रेन पंप!"

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"म्हणजे," तो म्हणाला, "ड्रेन पंपासारखं आहे. पाणी राहिलंय आत."

"भाऊजी," मेव्हणी डोळे पुसत म्हणाली, "बेडकाला वॉरंटी आहे का बघा हो!"

बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. साडू तेवढा हसला नाही. "पण दादांचं निरीक्षण अचूक आहे," तो म्हणाला. "पाणी आहेच आत." इतका अपमान आजवर ह्याचा कोणी केला नव्हता. आणि टिकली? ती हसली नाही. तिने खाली बघून काटकीने माती उकरली, जसं शाळेत आपला बाप काही वेडंवाकडं बोलला की पोरं उकरतात.

तंबूत गेल्यावर तो उताणा पडून राहिला.

"अहो, झोपा आता. बेडूक होता, सोडून द्या," बायको म्हणाली.

"बेडकाचं काही नाही. तिने मला विचारलं नाही."

"कोणी?"

"टिकलीने. एकदाही नाही."

बायको त्याच्याकडे कुशीवर वळली. मग म्हणाली, "तुम्हाला हरीण ओळखू येतं का?"

"आलंच असतं. वेळ कुठे दिला त्याने?"

दुसऱ्या दिवशी साडूने टिकलीला वहीत चित्रं काढायला दिली. वही! ह्याने आयुष्यात टिकलीला पान्यांच्या पेटीला हात लावू दिला नव्हता, आणि हा माणूस वही देऊन मोकळा. दुपारपर्यंत ह्याचा बेत ठरला. साडूला न ओळखता येणारा आवाज हवा. तसा एक आवाज ह्याच्याकडे कधीपासून तयार होता.

रात्री शेकोटी पेटली. "लाकडं आणतो," म्हणून हा उठला, झाडीला वळसा घालून एका झुडपामागे उकिडवा बसला, आणि छाती भरून आजीबाईंचं मशीन सुरू केलं. ठक्, ठक्, ठक्. घर्रर्रर्र. स्सीऽऽ.

शेकोटीपाशी सगळं चिडीचूप झालं. फांद्यांमधून त्याला दिसलं, साडूने चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला.

"काका, हे काय?"

"हे..." साडू म्हणाला. आणि मग ते सोन्यासारखे शब्द आले. "हे मला माहीत नाही गं."

झुडपामागे ह्याला गलबलून आलं. इतका निर्मळ आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता. अजून एकदा ऐकवावं म्हणून त्याने श्वास घेतला.

आणि त्याने तोंड उघडण्याआधीच, त्याच्या पाठीमागच्या काळोखातून आलं: ठक्, ठक्, ठक्. घर्रर्रर्र. स्सीऽऽ.

पडसाद असेल, त्याने स्वतःला सांगितलं. पण पडसाद असा विचार करून येत नाही. त्याने खात्री करायला पुन्हा आवाज काढला. पुन्हा उत्तर आलं. जवळून.

"दोन आहेत!" साडू तिकडे आनंदाने कुजबुजला. "कुठला प्राणी ते माहीत नाही, पण जोडी आहे. लांबचा नर. हा जवळचा जरा रडका आवाज आहे ना, ही मादी."

तिसऱ्यांदा मागची पानं हलली, तेव्हा मादी झुडपातून उठली आणि एक चप्पल मागे ठेवून शेकोटीकडे धावत सुटली.

"दादा! तुम्ही ऐकलंत?" साडू उठून उभा राहिला. "लाकडं राहू द्या! दोन होते!"

"हो का?" हा धापा टाकत म्हणाला. "मी लाकडं बघत होतो."

टिकलीने त्याच्या एका अनवाणी पायाकडे बघितलं. मग त्याच्या केसांतल्या पानाकडे.

"काका," ती म्हणाली, "जवळचा बाबा होता. आजीबाईंचं मशीन आहे ते. बेअरिंग गेलंय आणि दाराचं रबर. लांबचा कोण ते मला माहीत नाही."

आता जमीन फाटेल तर बरं, असं ह्याला वाटलं. पदर नव्हता म्हणून मेव्हणीने तोंडात ओढणी कोंबली. बायको नुसती म्हणाली, "अहो..." आणि त्या एका शब्दात सोळा वर्षांचा संसार होता.

पण साडू हसला नाही. तो कधी वेळेवर हसायचाच नाही. "दादा," तो श्रद्धेने म्हणाला, "तुमच्याशी तो बोलला. मी वर्षभर रानात बसतोय, माझ्याशी साधी खारसुद्धा बोलली नाही. पुन्हा करा ना."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. ह्याने केलं. झाडीतून उत्तर आलं. टिकली टाळ्या वाजवत येऊन त्याच्या मांडीवर बसली आणि म्हणाली, "आता मी." तिने केलं. तिलाही उत्तर आलं, चांगलं लांबलचक. आपल्याला एवढं लांब आलं नव्हतं, हे ह्याने नोंदवून ठेवलं.

"बाबा, कोण आहे तो?"

तिने त्यालाच विचारलं होतं. त्याने डोळे मिटले आणि पुढच्या वेळचा आवाज शेवटपर्यंत ऐकला.

"मशीन जुनं आहे," तो म्हणाला. "पण मोटर चांगली आहे. अजून बरीच वर्षं चालेल."

टिकलीने मान डोलावली. साडूने ते वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. मग वही बाजूला ठेवून तो मांडी घालून ह्याच्यासमोर बसला.

"दादा, मला शिकवाल?"

ह्याने मोठ्या मनाने शिकवलं. ठोके जिभेने टाळूला कसे मारायचे, घरघर घशात नाही तर छातीत कशी धरायची, सगळं. अर्धा तास शिकवलं. साडू हुशार, पटकन शिकला. ठक्, ठक्, ठक्. घर्रर्रर्र.

सगळे कान देऊन बसले. झाडीतून काही नाही.

साडूने पुन्हा केलं. ठक्, ठक्, ठक्. घर्रर्रर्र. काही नाही. काळोख गिऱ्हाईक गेलेल्या दुकानासारखा गप्प.

"काहीतरी राहतंय का, दादा?"

"छे," हा म्हणाला. "सगळं आहे त्यात."

मांडीवर बसलेल्या टिकलीने तोंड उघडलं. शिट्टी राहिली, हे तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने वर बापाच्या तोंडाकडे बघितलं. तो शेकोटीकडे बघत होता, एखाद्या निरपराध माणसाने बघावं इतका नीट.

तिने तोंड मिटलं. थोडा विचार केला.

"काका," ती म्हणाली, "अजून जरा जोरात करून बघा."